अकरा बसवलंस, बारा वाजवलेस

बस. खुर्चीवर नको, त्या बाकावर बस. चहा येईल, पण बोलून झाल्यावर. चहा प्यायलो की माझा आवाज खाली येतो, आणि आज तो खाली यायला नको.

फोनवर काय म्हणालास? ‘सर, मशीन एकदम फास्ट करून दिली, दहा सेकंदांत चालू होते.’ होते. मी स्वतः शाळेत जाऊन पाहिलं. दहा सेकंदांत चालू होते आणि तिच्यात काहीच नाही. रिकामी एसटीसुद्धा घाट झपझप चढते, बाबा. प्रवासी कुठे उतरवलेस ते सांग.

मान वर कर. नांदेडला माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचास तेव्हाही चूक झाली की अशीच मान खाली घालायचास. मला वाटायचं, पोराला पश्चात्ताप होतोय. नंतर कळलं की बाकाखाली मोबाइल असायचा.

ज्या शाळेचं यंत्र तू हातात घेतलंस ती लोहा आणि अहमदपूरच्या मधली, डांबरी रस्त्यावरून आत गेलेली शाळा. नाव घेत नाही, भिंतींना कान असतात. त्या शाळेच्या बाबूंनी माझ्या शब्दावर यंत्र तुझ्याकडे लातूरला पोचवलं. ‘सर, तुमचाच विद्यार्थी आहे म्हणता, तर नेऊन देतो.’ पोत्यात गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटवर मांडीशी धरून नेलं त्यांनी ते. २०१२ साली घेतलेला कंपनीचा डेस्कटॉप. इंटेलचा दुसऱ्या पिढीतला आय-३, दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटवर विंडोज ७ होम बेसिकचं स्टिकर. २९ जुलै २०१६पर्यंत मायक्रोसॉफ्ट विंडोज १० फुकट चढवून देत होती, तेव्हा मीच एका सुट्टीत जाऊन ते काम केलं होतं. पुढची नऊ वर्षं बाबूंनी ते यंत्र रखडत रेटलं. सकाळी बटण दाबायचं, मस्टरवर सह्या घ्यायच्या, घंटा व्हायची, प्रार्थना संपायची, तेव्हा कुठे पडद्यावर घड्याळ दिसायचं.

तू त्यात आठ जीबी रॅम आणि अडीचशे जीबीची एसएसडी टाकलीस. याबद्दल एक शब्द बोलणार नाही, उलट शाबासकी देतो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि एक दांडी तिच्यावर जागा शोधत हिंडते. चार ठिकाणचं वाचायचं तर चार हेलपाटे. एसएसडीत हलणारं काही नाही, म्हणून त्या बोर्डावरचे साटा पोर्ट जुन्या तीन गिगाबिटचे असूनही फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या यंत्रावर खर्च करायचाच तर पहिला रुपया इथेच टाकावा. तिथे थांबला असतास तर आज तुला चहाबरोबर चिवडाही मिळाला असता.

पण तू थांबला नाहीस. बिलावर तिसरी ओळ आहे: ‘विंडोज ११ इन्स्टॉलेशन’. कुणी सांगितलं होतं?

बाबूंना म्हणालास, विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपतेय. तारीख बरोबर. पण मुदत संपते म्हणजे नेमकं काय होतं, हे सांगितलंस? यंत्र बंद पडत नाही. सुरक्षेचे मासिक अपडेट थांबतात. आणि त्यावरही मायक्रोसॉफ्टनेच सोय ठेवली होती: सर्वसामान्यांसाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. शाळा-कॉलेजांसाठी तर पहिल्या वर्षाचा दर यंत्रामागे एक डॉलर असा जाहीर झालेला होता. तू यंत्र उघडलंस ऑगस्टमध्ये. मुदतीला दोन महिने बाकी होते. आग लागली नव्हती, धूरसुद्धा नव्हता. तू बंब घेऊन घरात घुसलास आणि कपाटातल्या कागदांवर पाणी मारलंस.

आता विंडोज ११च्या अटी म्हण. काय बोटं मोजतोस? चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा. तू घातलेल्या सामानाने हे दोन पेपर सुटतात. पुढे? सिक्युअर बूट. टीपीएम २.०, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी. आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ला. आपलं यंत्र २०१२चं. रॅम वाढवून पिढी वाढत नाही. म्हाताऱ्याला नवी कवळी बसवली म्हणून त्याच्या जन्माच्या दाखल्यावरचं साल बदलतं का?

हे तुला माहीत होतं, आणि म्हणूनच तू रूफस या प्रोग्राममध्ये अटी वगळायची चौकट टिक केलीस. टीपीएमची अट काढा, सिक्युअर बूटची काढा, रॅमची काढा. एक टिक, सगळे दरवाजे उघडे. तू बारावीला होतास तेव्हा जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी नांदेडमध्ये कॉपीमुक्त परीक्षेचं अभियान चालवलं होतं. आठवतं? राज्यभर त्याला नांदेड पॅटर्न म्हणायचे. केंद्रावर मी पर्यवेक्षक होतो. तुझ्या मागच्या बाकावरच्याची चिठ्ठी मी पकडली आणि तू घरी जाऊन बापाला अभिमानाने सांगितलंस की मी माझ्या डोक्यानं लिहिलं. आणि आज दुकानात बसून यंत्राला चिठ्ठी पुरवतोस? जे यंत्र ती परीक्षा देऊच शकत नाही त्याला पासचं प्रमाणपत्र छापून देतोस?

बोलू नकोस, मला माहीत आहे काय म्हणणार ते. ‘सर, सगळेच करतात, आणि चालतं.’ चालतं. मीही माझ्या घरच्या एका जुन्या डबड्यावर हा प्रयोग करून पाहिलाय. स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या जबाबदारीवर, परिणाम ठाऊक असताना केला तर तो अभ्यास. दुसऱ्याच्या यंत्रावर, न विचारता, पैसे घेऊन केला तर ती फसवणूक. तू कुठल्या रकान्यात बसतोस ते तूच लिही. आणि चालतं म्हणणाऱ्यांनी एवढंही लक्षात ठेवावं की विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती कोअर टू ड्युओवर सुरूच होत नाही. तिला लागणारी पॉपकाउंट नावाची सूचना त्या प्रोसेसरला येतच नाही. तिथे कितीही चौकटी टिक कर.

आता खरी गंमत ऐक. मला हसू आलं, आणि मग रात्रभर राग आला. मी त्या यंत्रावर ‘विनव्हर’ टाइप करून पाहिलं. कुठली आवृत्ती बसवलीस? विंडोज ११, २२एच२, प्रो. दोन वर्षांपासून तुझ्या किल्लीच्या जुडग्याला लटकणाऱ्या पेन ड्राइव्हवर जी होती ती. तिची मुदत कधी संपली? ८ ऑक्टोबर २०२४ला. म्हणजे तू बसवलीस त्याच्या दहा महिने आधी. आणि तू जे पुसलंस ते विंडोज १०, त्याचीही शेवटची आवृत्ती २२एच२च. नाव तेच, पण ती त्या दिवशी जिवंत होती, तिला महिन्याच्या महिन्याला अपडेट येत होते. जिवंत माणूस म्हातारा झाला म्हणून त्याला घराबाहेर काढलंस आणि त्याच्या खाटेवर प्रेत आणून निजवलंस. वर अटी न पाळणाऱ्या यंत्राला पुढची आवृत्ती आपोआप येत नाही, हेही तुला ठाऊक असायला हवं होतं. ‘नवीन’ कशाला म्हणतात, हे आकड्यावरून ठरवलंस. दहापेक्षा अकरा मोठा, एवढंच गणित. पहिलीतल्या पोरालाही ते येतं.

परवान्याचं बोलू? कॅबिनेटवरच्या स्टिकरकडे पाहिलंस का? विंडोज ७ होम बेसिक. त्यावरून चढलेलं विंडोज १० होम होतं, आणि त्याचा डिजिटल परवाना त्या मदरबोर्डाच्या नावे नोंदलेला होता. होमच बसवलं असतंस तर तो परवाना तिथे लागू झाला असता, एक पैसा न देता. तू प्रो बसवलंस, कारण तुझ्या हाताला तीच सवय. मग कोपऱ्यात ‘सक्रिय करा’ असं पाणचिन्ह आलं. ते घालवायला तू काय केलंस? आधी डिफेंडर बंद केला, मग कुठून तरी उतरवलेला अॅक्टिव्हेटर चालवलास. घराला स्वतःचं कुलूप होतं, किल्ली होती. ते कुलूप फोडून चोराकडून दुसरं विकत आणलंस, आणि तो चोर आत एकटा असताना राखणीचा कुत्रा बांधून ठेवलास! ज्या यंत्रावरून शाळेतल्या अठरा माणसांचे पगार शालार्थ या सरकारी प्रणालीवर भरले जातात, त्या यंत्रावर. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातल्या यंत्रांना टाळं ठोकलं होतं, तेव्हा तू कॉलेजात होतास आणि त्यावर सेमिनारही दिला होतास. पाहुणा म्हणून मी पहिल्या रांगेत बसलो होतो. स्लाइड फार छान होत्या.

पाणी पी. अजून मुख्य गोष्ट राहिलीय.

बाबूंच्या डेस्कटॉपवर एक फोल्डर होतं. ‘जुने जनरल रजिस्टर’. तुला काय माहीत असणार, तू उघडूनच पाहिलं नाहीस. आपला मराठवाडा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या शाळेच्या सगळ्यात जुन्या रजिस्टरातल्या नोंदी उर्दूत आहेत. कागद बोट लावला की पापडासारखा मोडतो. २०२३ला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि लोक पणजोबाचं नाव शोधत शाळेच्या दारात उभे राहायला लागले. दर वेळी ते रजिस्टर उघडायचं म्हणजे त्याचं आयुष्य आणखी कमी करायचं. मग बाबूंनी गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना, सगळे त्यांना चाचाच म्हणतात, हाताशी घेतलं. दोन हिवाळे चाचा वाचत होते आणि बाबू मराठीत टंकत होते. नाव, बापाचं नाव, गाव, जात, प्रवेशाची तारीख. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तरी भिंग धरून वाचायचे. गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले.

आता मान खाली घातलीस ती खरी दिसते.

तू नव्या एसएसडीवर विंडोज टाकलंस, आणि जुनी हार्ड डिस्क? ‘जागा वाढेल’ म्हणून फॉरमॅट करून त्याच यंत्रात दुसरी ड्राइव्ह म्हणून जोडलीस. बाबूंना विचारलं होतंस, ‘काही महत्त्वाचं आहे का?’ ते म्हणाले, ‘डी ड्राइव्हमध्ये काही नाही.’ खरंच नव्हतं. सगळं डेस्कटॉपवर होतं, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो हे सांगणं कुणाचं काम? त्यांचं की तुझं? डॉक्टर पेशंटला विचारतो का, अपेंडिक्स कुठल्या बाजूला असतं?

एवढ्यावरही फारसं बिघडलं नव्हतं. झटपट फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका फाटते, पुस्तकाची पानं जागेवर असतात. पण त्याच डिस्कवर तू तुझ्या दुकानाच्या ‘युटिलिटी’ म्हणून चाळीस जीबी ओतलंस, त्यात दक्षिणेकडचे चार डब केलेले सिनेमे. शाळेच्या यंत्रात सिनेमे! मुख्याध्यापकांना मी हे सांगितलेलं नाही. त्या चाळीस जीबींखाली कुठल्या सालची नावं गाडली गेली ते आता कुणीही सांगू शकत नाही. आणि देवाची कृपा समज की डेटा एसएसडीवर नव्हता. पुसलेल्या जागा एसएसडी ट्रिमच्या आज्ञेवरून स्वतःच साफ करून टाकते, मग परत मिळवण्याची गोष्टच संपते.

करायला काय हवं होतं? फार नाही. यंत्र उघडण्याआधी बाबूंच्या शेजारी अर्धा तास बसायचं आणि पाहायचं, ते दिवसभर काय उघडतात. कुठला प्रिंटर, कुठला अंगठ्याचा स्कॅनर, कुठलं मराठी सॉफ्टवेअर. मग जुन्या डिस्कमधलं सगळं नव्या एसएसडीवर क्लोन करायचं. विंडोज तेच, फाइली त्याच, वेग नवा. जुनी डिस्क काढून, वर तारीख लिहून, शाळेच्या कपाटात ठेवून द्यायची. सहा महिने कुणी हात लावायचा नाही. यापेक्षा स्वस्त बॅकअप जगात नाही, कारण त्याचे पैसे आधीच दिलेले असतात. पुढचं पुढे. मुदत संपत आली की विचार करायचा, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचं बॉस बसवून बाबूंचं काम भागतं का. लिनक्सचा झेंडा मी खांद्यावर घेतलेला नाही. स्कॅनर चालला नाही तर तेही त्यांच्या कामाचं नाही. पण ते पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतं.

तू आता लातूरकर झालास. ट्यूशनच्या गल्ल्यांत दुकान आहे, चारी बाजूंना ‘लातूर पॅटर्न’चे फलक. बाहेरचे लोक समजतात की हा पॅटर्न म्हणजे घोकंपट्टी. माझं मत वेगळं आहे. त्यातली खरी मेहनत सराव परीक्षांची होती: खऱ्या परीक्षेआधी परीक्षा, पुन्हा परीक्षा, चुकलेलं पुन्हा. तू त्या गावात राहून एकही सराव परीक्षा न घेता थेट बोर्डाच्या पेपरला बसलास. तोही दुसऱ्याच्या नावावर.

आणि परत आलेल्या यंत्रावर पहिल्याच दिवशी इंटरनेटची एकही साइट उघडेना. बाबूंना वाटलं नेट गेलं. त्यांनी तुला फोन केला, तू म्हणालास राउटर बदला. मी गेलो आणि उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल मेला होता. तारीख चुकली की प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र खोटं ठरतं. कॅबिनेट उघडून तू हजारो रुपयांचं सामान आत घातलंस, आणि तेरा वर्षं जुना सेल तुझ्या डोळ्यांसमोर होता. तो बदलायला किती लागतात? तुझ्या एका चहा-पोह्याचे पैसे.

हे बघ. हे पाकीट उघड. आत ती हार्ड डिस्क आहे. कळल्या दिवशीच मी ती यंत्रातून काढली, आधी तिची जशीच्या तशी प्रत घेतली आणि त्या प्रतीवर फोटोरेक चालवला. पाच रात्री. अठराशेवर वर्ड फाइली निघाल्या. तोंड असं उजळवू नकोस. फोटोरेक फाइल परत देतो, फाइलचं नाव देत नाही. एफ आणि पुढे लांबलचक आकडा, बस. कुठली रजिस्टरची, कुठली स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणाची, उघडल्याशिवाय कळत नाही. आणि उघडली तर अक्षरच लागत नाही. बाबू टाइपरायटरवर शिकलेले. ते आयएसएम या मराठी सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीबी-टीटी सुरेख फॉन्टवर टंकायचे. ते युनिकोड नाही. रोमन अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट यंत्रात नसला की पडद्यावर मुंग्या फिरतात. तुझ्या कोऱ्या विंडोजमध्ये सुरेख कुठून असणार? तिथे मंगलसुद्धा आपोआप आलेला नव्हता, कारण तू मराठी भाषाच जोडली नव्हतीस. फॉन्ट मी शोधून ठेवलाय. माझ्या जुन्या लॅपटॉपवर फाइली वाचता येतात, एकेक करून.

तर ऐक. येत्या रविवारी सकाळी आठला इथे यायचं. बाबू येणार आहेत, मूळ रजिस्टर घेऊन. मुख्याध्यापकांची परवानगी मी काढली आहे. तू फाइल उघडायची, बाबू पाहून सांगतील कुठल्या सालची, तू तिला नाव द्यायचं, युनिकोडमध्ये बदलायची आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायची. जी सालं सापडणार नाहीत त्यांची यादी वहीत करायची. ती पुन्हा टंकावी लागतील, आणि उर्दू वाचणारं माणूस शोधायचं कामही तुझंच. एका रविवारी होणार नाही. मी धरून चाललोय की दिवाळीनंतरचे सगळे रविवार तुझे नाहीत. बिलाचे पैसे शाळेला परत जातील. रॅम आणि एसएसडीचे राहू देत, तिसऱ्या ओळीचे.

चहा आलाय, घे. येताना दोनशे पानी वही आण, आणि तो पेन ड्राइव्ह लातूरलाच ठेवून ये.